नर्सिंगच्या मुलींना पेशंटपर्यंत पोहोचू द्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

मी खानदेशातल्या एका सरकारी रुग्णालयात परिसेविका, म्हणजे वॉर्डाची सिस्टर, आहे. नोकरीला तेवीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी प्रसूतिकक्षात गेली. बी.एस्सी. नर्सिंगच्या मुली माझ्या वॉर्डात पोस्टिंगला, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकायला, येतात. त्यांच्याबद्दलच लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री शिरपूरकडची एक बाई बाळंत झाली. बाळ रडलं, वार पडली, सगळं नीट झालं. अर्ध्या तासाने ती हळूच म्हणाली, "बाई, माले चक्कर यी ऱ्हायनी." जवळ चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी होती. तिने बीपी बघितलं आणि मला हाक मारली. मी चादर उचलली तर खालचं कापड रक्ताने भिजलेलं. "फंडस बघ," मी म्हटलं, म्हणजे गर्भाशयाचा वरचा भाग. तिने पोटावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. बेंबीपाशी गर्भाशय सैल, भिजवलेल्या कणकेसारखं लागत होतं. तिला ते उमगत नव्हतं, कारण घट्ट झालेलं गर्भाशय हाताला कसं लागतं ते तिने कधी अनुभवलंच नव्हतं. मी तिच्या हातावर हात ठेवून मसाज सुरू केला, डॉक्टर आले, गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचं सलाईन लागलं. हळूहळू तिच्याच तळव्याखाली ते चेंडूसारखं कडक होत गेलं. बाई वाचली.

पहाटे चहा पिताना ती विद्यार्थिनी रडली. पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, त्याचं उत्तर तिने पेपरात छान लिहिलं होतं. बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्तस्राव, त्याची कारणं, उपचार, सगळं पाठ होतं. केलेल्या कामांची नोंद असलेल्या लॉगबुकात त्या प्रोसिजरसमोर सहीसुद्धा होती.

या मुलीला मी दोष देणार नाही. सही कशी झाली असेल ते मला माहीत आहे. एका खाटेभोवती दहा-बारा मुली, पुढच्या दोघी बघतात, मागच्या माना उंचावतात. अनेक ठिकाणी कॉलेजची क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे वॉर्डात शिकवणारी शिक्षिका, मुलींना सोडून निघून जाते. आम्ही दोन सिस्टर पस्तीस पेशंट सांभाळत असतो. कोणी शिकवायचं? पदवीसाठी क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या कामाची, हजेरी शंभर टक्के लागते. नियम चांगलाच आहे, पण हजेरी भरायची घाई होते आणि काम हातात यायचं राहून जातं.

अभ्यासक्रमाबद्दल माझी तक्रार नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये सेमिस्टर पद्धत आणली, त्यात वर्गातल्या एका क्रेडिटला (अभ्यास मोजायच्या एककाला) २० तास आणि क्लिनिकलच्या एका क्रेडिटला ८० तास धरले आहेत. आठवं सेमिस्टर तर पूर्ण इंटर्नशिपचं, २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. म्हणजे वॉर्डाशिवाय नर्स घडत नाही हे कागदावर मान्यच आहे. कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय हवं, हेही नियमात आहे. पण जिथे त्या खाटांवर पेशंटच नसतात, तिथल्या मुली शेवटी सरकारी रुग्णालयात येतात, आणि आमच्या लेबर रूममध्ये एकाच सकाळी दोन-तीन कॉलेजांचे युनिफॉर्म दिसतात.

इकडे गर्दी, आणि तिकडे सातपुड्यात धडगाव, अक्कलकुवा, मोलगीच्या रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बाळंतिणी असतात, कमी वजनाची बाळं असतात. तिथे विद्यार्थिनी क्वचितच पोहोचतात. २०२३ साली देशपातळीवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. पण क्रायसिस, म्हणजे या आजारातल्या असह्य वेदनांचा झटका, आलेलं लेकरू हातपाय सुजून कसं कळवळतं, त्याच्या आईशी पावरी किंवा भिलीत चार शब्द कसे बोलावेत, हे वर्गात कोण शिकवणार? माझी स्वतःची पावरी मोडकीतोडकी आहे, तरी "कुठे दुखतं" एवढं विचारलं की बाई मोकळेपणाने बोलायला लागते.

पोस्टिंग अडतं ते परवानग्यांवर. कॉलेजं आपल्या खात्याकडे, आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत सेमिस्टर संपतं. त्यात मुलींच्या राहण्याची सोय नाही, घाटात रात्री एसटी नाही. आईवडील पाठवतील कसे?

म्हणून माझी विनंती अशी की वैद्यकीय शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही खात्यांनी मिळून एकच आदेश काढावा. आठव्या सेमिस्टरचे किमान काही आठवडे प्रत्येक मुलीने ग्रामीण रुग्णालयात काढावेत. सोबत कॉलेजची इन्स्ट्रक्टर मुक्कामाला असावी, राहायला सुरक्षित खोली आणि येण्या-जाण्याला गाडी मिळावी. नियमात दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आहे, तो ड्यूटी संपेपर्यंत वॉर्डातच हवा. लॉगबुकावर सही करणाऱ्याने मुलीला ते काम करताना डोळ्यांनी बघितलेलं असावं. आणि नव्या जागांना मंजुरी देण्याआधी तपासणी पथकाने कॉलेजच्या रुग्णालयात न कळवता, रात्रपाळीला जावं. खाटांवर पेशंट आहेत की नाहीत, तेव्हाच कळेल.

ती विद्यार्थिनी आता पास झाली आहे. जाण्याआधी महिनाभर ती रोज माझ्याकडे यायची आणि प्रत्येक बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून मला सांगायची, घट्ट की सैल. आता माझ्या वॉर्डात नवी तुकडी आली आहे, चौदा मुली, आणि लेबर रूममध्ये टेबलं दोन.

आपली नम्र,
एक परिसेविका, खानदेश