बोट टेकवण्याआधी वाचू द्या

महोदय,

‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ आरोग्याच्या डिजिटल नोंदींचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. परवा तपासणीला गेले, तेव्हा संमतीचा लांबलचक मजकूर टॅबलेटवर समोर आला. मागे रांग. मी न वाचताच बोट टेकवलं. मागच्या दोघांनीही तेच केलं. मग काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने माझा जुना आजार सगळ्यांदेखत मोठ्याने वाचला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फिनलंडमध्ये २०२० साली वास्तामो या मानसोपचार संस्थेच्या चोरलेल्या नोंदींवरून हजारो रुग्णांकडे ईमेलवर खंडणी मागितली गेली. बंद दाराआड, विश्वासाने बोललेल्या गोष्टी होत्या त्या! पासवर्ड बदलता येतो, आजाराचा इतिहास नाही. नाव पुसलं की झालं, हाही भ्रमच. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी १९९०च्या दशकातच नावं काढलेल्या नोंदींतून, जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाच्या कोडवरून अमेरिकेतल्या एका गव्हर्नरांची नोंद हुडकून दाखवली होती.

नोंदी डिजिटल हव्यातच. बेशुद्ध रुग्णाला कोणतं औषध चालत नाही, हे डॉक्टरांना तत्काळ कळणं म्हणजे जीव वाचणं. पण माझी नोंद कोणी, कधी उघडली हे मलाही दिसायला हवं. एस्टोनियात नागरिकांना ते दिसतं. शिवाय संमतीचा मजकूर एका पानाचा, सोप्या भाषेत असावा, आणि तो वाचून होईपर्यंत काउंटरवरच्या माणसाने घाई करू नये.

– एक वाचक