चार कार्डं, एक माणूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने आम्हा दोघांना मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन रात्रींची क्रूझ काढून दिली. गेल्या महिन्यात जाऊन आलो. जहाजाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगायचंय त्यात निम्मा दोष आम्हा प्रवाशांचाच आहे. आणि सांगायचंय ते फक्त पहिल्या दिवसाबद्दल. पुढचे दोन दिवस खाण्यात आणि झोपण्यात गेले, त्यात छापण्यासारखं काही नाही.

डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. दुपारी एकला बोलावलं होतं, आम्ही साडेअकरालाच हजर. ह्यांनी पिशवीत नारळ घेतला होता. आम्ही दोघंही मालवणकडचे. समुद्रात पाऊल टाकायच्या आधी त्याला नारळ द्यायचा हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण बॅगा तपासायच्या यंत्रातून नारळ गेला आणि पट्टा थांबला. पडद्यावर तो गोल गोळा बघून दोन माणसं वाकली, तिसऱ्याला बोलावलं. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणाले. ह्यांनी सांगितलं, अहो, खायला नाही, समुद्राला द्यायला. मग तर मुळीच नाही म्हणाले, समुद्रात काही टाकायचं नाही. नारळाला चिठ्ठी चिकटवली आणि इस्त्र्या, केटल्या, दारूच्या बाटल्या ठेवलेल्या फडताळात तो बसवला. नियम म्हणून त्यांचं बरोबर होतं. तरी हे बराच वेळ गप्प होते.

आत मात्र सगळं थाटाचं. दार उघडायला कार्ड, खरेदीला तेच कार्ड, जिन्यावर गालिचा. केबिन आमच्या स्वयंपाकघराएवढी, पण त्यात पलंग, कपाट, न्हाणीघर आणि गोल खिडकी असं सगळं बसवलेलं. पांढऱ्याशुभ्र चादरीवर बसले आणि मला आमची कोकणबोट आठवली. साठ-सत्तरच्या दशकात आईबरोबर मे महिन्यात मुंबई-मालवण करायचो. डेकवर वळकटी पसरायची, उशाला ट्रंक, खिशात आवळासुपारी. डिझेलचा नि सुक्या माशांचा वास, आणि रात्री कुणाला ना कुणाला बोट लागलेली असायचीच. मालवणला बोट किनाऱ्याला यायचीच नाही, लांब उभी राहायची. पडाव, म्हणजे उतारूंना किनाऱ्यावर नेणारी होडी, येऊन बाजूला लागायचा. लाटेबरोबर तो हातभर वर यायचा आणि पुरुषभर खाली जायचा. खलाशी खाली हात पसरून उभा. वर आला की ओरडायचा, "सोड!" आणि आई मला सोडायची. नऊवारीचा काष्टा घट्ट करून मग ती स्वतः उडी घ्यायची. कधी, कुणाच्या हाताला धरून आणि कुठे पाय ठेवून उतरायचं, हे त्या बोटीवरच्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक होतं, कारण सांगणारा तिच्या भाषेत सांगत होता.

आता मुद्द्याचं. चार वाजता सुरक्षेची कवायत होती. जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यावर लगेच प्रत्येक प्रवाशाने नेमून दिलेल्या जागी गोळा व्हायचं, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१५ पासून आहे. त्याआधी चोवीस तासांची सवलत होती. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर घासून कलंडली, ३२ माणसं गेली, आणि त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. सवलत गेली ती त्यामुळे.

आमच्या जहाजावर घोषणा आधी इंग्रजीत झाली, मग हिंदीत. हिंदी म्हणजे काय, तर "कृपया अपने मस्टर स्टेशन पर असेंबल करें, लाइफजॅकेट कॅबिन में ही रखें, इमर्जन्सी सिग्नल ध्यान से सुनें." माझ्या शेजारी कराडकडच्या एक बाई उभ्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, टूरबरोबर आलेल्या. मला म्हणाल्या, "बाई, काय म्हणतोय त्यो?" मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, सवयीने समजावून सांगितलं. सात छोटे भोंगे आणि आठवा लांब वाजला की धोका समजायचा. लिफ्टमध्ये शिरायचं नाही. पर्ससाठी मागे फिरायचं नाही. जॅकेट कपाटात आहे, आणि पाण्यात उडी मारायची वेळ आलीच तर एका हाताने नाक धरायचं, दुसऱ्याने जॅकेट छातीशी दाबून धरायचं. हळूहळू माझ्याभोवती आठ-दहा बायका जमल्या.

पुढे जॅकेट घालून दाखवणारा पोरगा होता. त्याच्या इंग्रजीला एक हेल होता, तो माझ्या कानाने पकडला. संपल्यावर विचारलं, "खयचो रे तू?" म्हणाला, "येंगुर्ल्याचो." म्हटलं, "मगे ह्यांका मराठीत सांग की!" बिचारा इकडेतिकडे बघून म्हणाला, "काकू, आमका जा दिलेला आसा ताच वाचूक लागता. मराठीत कागदच नाय."

मुंबईच्या धक्क्यावरून सुटणारं जहाज, निम्म्याहून जास्त माणसं मराठी बोलणारी, आणि मराठीत कागद नाही. स्वागताच्या पाटीवर 'नमस्कार' होतं, संध्याकाळच्या कार्यक्रमात लावणीसुद्धा होती. ते मराठीत नसतं तरी माझी काही तक्रार नव्हती.

हा झाला जहाजाचा दोष. आता आमचा. जमलेल्यांची हजेरी कार्ड स्कॅन करून घेत होते. माझ्या पुढच्या गृहस्थांच्या हातात चार कार्डं होती. त्यांनी एकामागून एक चारही पुढे केली, यंत्र चारदा टिक् टिक् वाजलं, आणि ते गेले. बाकीचे तिघं कुठे, तर वरच्या मजल्यावर भज्यांच्या रांगेत. नंतर लक्ष देऊन पाहिलं, असे बरेच होते. स्कॅन करणारी मुलगी मान वर करून चेहरा बघत नव्हती. मागे रांग वाढत होती, तिला तरी काय बोलणार! कवायत चालू असताना भज्यांचा काउंटर उघडा ठेवायचा आणि वर लोकांनी यावं अशी अपेक्षा करायची, हे मला काही कळलं नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी खाऊची गाडी फाटकात उभी राहू देत नाहीत.

पाचच्या सुमारास जहाज निघालं. सगळे मोबाइल घेऊन कुलाब्याकडच्या बाजूला. आम्ही दोघं डावीकडे, जिथे करंजा, रेवस, मांडवा येतं. ह्यांनी नुसतेच हात जोडले, नारळ नव्हता. तिथेच कुठेतरी काशाचा खडक आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' त्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. पाणी एका बाजूने आत आलं म्हणून सगळे दुसऱ्या बाजूला धावले आणि बोट कलंडली, असं आमच्याकडे सांगतात. माझी आई बोटीवर ते नाव उच्चारू द्यायची नाही; शेजारच्या रामदासलाही मुंबई येईपर्यंत बाळू म्हणायचं. त्या माणसांना कुठे उभं राहायचं, कुणाचं ऐकायचं हे सांगायला कोणी नव्हतं. आणि फार जुनं तरी कशाला, १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा जॅकेटांचा विषय आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी होता.

जहाजांचे नियम बघणारं नौवहन महासंचालनालय मुंबईतच आहे. त्यांनी एवढं करावं. महाराष्ट्राच्या बंदरातून सुटणाऱ्या प्रत्येक प्रवासी जहाजावर सुरक्षेची घोषणा आणि केबिनच्या दारामागचा कागद मराठीतही असावा; भाषांतर मी फुकट करून देईन, एका पानाचं तर काम. हजेरी घेताना कार्ड नव्हे, माणूस मोजावा. आणि ती वीस मिनिटं खाण्याचे काउंटर बंद ठेवावेत, म्हणजे बाकी काही न करता निम्मी गर्दी आपोआप खाली येईल.

रात्री दहाला आमच्या दारावर टकटक झाली. उघडलं तर कराडच्या बाई, नऊवारीवर केशरी जॅकेट चढवून उभ्या. "बघा बरं, बरोबर बांधलंय का?" खालचा पट्टा उलटा गेला होता, तो मी सोडून सरळ बांधून दिला. त्यांना खिशाजवळची शिट्टी सापडली. म्हणाल्या, वाजवून बघू का? मी म्हटलं, नको हो, आख्खा मजला धावत बाहेर येईल.

"कुठलं येतंय," त्या म्हणाल्या. "दुपारी बोलावलं तवा तरी कुठं आल्ती?"

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
डोंबिवली (पूर्व)