हेलिकॉप्टर नको, अख्खा कळप धरा

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार,

शेतांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांच्या बातमीवरची वाचकांची पत्रं ऑनलाइन वाचली. दोघातिघांनी लिहिलंय की अमेरिकेत हेलिकॉप्टरमधून डुकरं मारतात तसं आपल्याकडेही करा. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं आणि गेली 14 वर्षं मी टेक्सासमध्ये राहतेय, म्हणून राहवलं नाही.

इथे 2011 च्या कायद्यानंतर लोक पैसे भरून हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला जातात, 2019 पासून खासगी जमिनीवर तर शिकारीचं लायसन्सही लागत नाही, तरी राज्यात 20 लाखांच्या वर डुकरं आहेत असा अंदाज आहे. डुकरीण वर्षाची होते न होते तोच विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, त्यामुळे दरवर्षी साधारण 70 टक्के काढली तरच संख्या जागेवर राहते म्हणतात. बंदुकीने दोन पडतात, बाकीची पांगतात, शहाणी होतात आणि रात्रीची यायला लागतात. शिवाय शिकारीत पैसा आणि हौस आली की लोकच ट्रकमध्ये घालून डुकरं नव्या भागात नेऊन सोडतात, इथे तसंच झालं.

ओळखीच्या एका शेतकऱ्याचं मक्याचं शेत बघितलं होतं, पेरून दोनच दिवस झालेले. डुकरांनी ओळ धरून सरळ चालत जाऊन एकेक दाणा उकरून खाल्लेला, जणू कोणी दोरी लावून खड्डे काढलेत. त्याने नंतर जाळीचं मोठं गोल कुंपण लावलं, दार उघडंच, आत रोज मका टाकायचा, मोबाइलवर कॅमेऱ्यात बघत बसायचं, आणि सगळा कळप आत आला त्या रात्रीच दार पाडून बंद केलं. मिसुरी राज्याने तर 2016 मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर डुकरांची शिकारच बंद केली, कारण गोळीबाराने कळप पांगून सापळे वाया जात होते.

आपलं रानडुक्कर मूळचं आपल्याच जंगलातलं, वाघ-बिबट्याचं खाणं, इथल्यासारखं बाहेरून आणलेलं नाही, ते संपवायचं नाहीच. पण शेतात शिरणारा कळप तरी धरता यायला हवा ना. भाऊ सांगतो, भात पिकायला आलं की रात्रभर माळ्यावर बसून डबे वाजवायचे, तरी सकाळी अर्धा वाफा आडवा. वैतागून लोक कुंपणात करंट सोडतात आणि त्यात माणसं जातात, हे आता थांबायलाच हवं. वनखात्याने चार-पाच गावांत मिळून असा एक सापळा आणि तो चालवणारा शिकलेला माणूस द्यावा, आणि डुकरं धरायची परवानगी दाणा भरायच्या आधी हातात पडावी, कापणीनंतर नको.

एक वाचक, सॅन अँटोनिओ, टेक्सास