तीन भावांचा बुर्ग

वाई

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीहून आम्ही सुखरूप पोचलो हे फोनवर कळलंच आहे. तिकडचा बुर्ग एल्ट्स (बुर्ग म्हणजे किल्ला) कसा वाटला असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा "छान होता" म्हणून फोन आईकडे दिला. फोनवर मला धड बोलता येत नाही, आणि तुलाही मध्येच दुसरा फोन येतो. शिवाय जे सांगायचंय ते नुसतं किल्ल्याबद्दल नाही. म्हणून हे पत्र.

त्या दिवशी तू ऑफिसला गेलास आणि आम्ही कोब्लेंत्सहून गाडीनं मोझेलकेर्नला उतरलो. स्टेशन अगदी आपल्या वाठारसारखं, उतरणारे आम्ही दोघं आणि एक सायकलवाला. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर द्राक्षाचे मळे. इतक्या उभ्या उतारावर माणूस उभा तरी कसा राहतो आणि छाटणी कशी करतो, हे मला अजून कळलेलं नाही. गाव संपलं की एल्झ नावाचा ओढा लागतो. त्याला नदी म्हणतात, पण ओढाच तो. त्याच्या काठाकाठानं जंगलातून दीडेक तास चाललो. आईनं रुमालात दशम्या आणि चटणी बांधून घेतली होती. एका दगडावर बसून खाल्ली. तिचा गुडघा कुरकुरला नाही, उलट "कमळगडापेक्षा सोपं आहे" म्हणाली.

आपल्याला गडाची सवय कशी, तर दोन कोसांवरून माथा दिसतो आणि दिवसभर तो समोर ठेवून चढायचं. इथं उलटं. बुर्ग एल्ट्स शेवटच्या वळणापर्यंत दिसतच नाही, कारण तो दरीत आहे. चहूबाजूंनी उंच डोंगर, मध्ये सत्तरेक मीटरचा एक सुटा कातळ, तीन बाजूंनी ओढ्याचा वळसा, आणि त्या कातळावर आठ-आठ मजल्यांची घरं एकमेकांना खेटून उभी. ना तटबंदी नजरेत भरत, ना बुरूज. काळ्या पाटीच्या दगडाची छपरं, वरच्या मजल्यांवर लाकडी चौकटीच्या भिंती, टोकदार मनोरे. आई बघतच राहिली आणि मग म्हणाली, "अहो, हा किल्ला कुठाय, हा तर वाडा आहे."

बांधकाम खात्यात तीस वर्षं घासली मी, पण पहिल्या नजरेत तिला जे दिसलं ते मला आत गेल्यावर दिसलं. या घराण्याचं नाव पहिल्यांदा ११५७ सालच्या कागदात येतं, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या दानपत्रात, रुडोल्फ नावाच्या साक्षीदाराचं. पुढं शंभरेक वर्षांनी, १२६८ च्या आधी, तीन भावांत वाटण्या झाल्या. तीन शाखा पडल्या. त्यांची निशाणंही वेगळी, एकाच्या ढालीवर सोन्याचा सिंह, एकाच्या चांदीचा, तिसऱ्याची रेड्याची शिंगं. मग झालं काय? प्रत्येकानं आपापल्या हिश्शात घर चढवलं. केम्पेनिख, रुबेनाख आणि रोडेनडोर्फ अशी तीन घरं, मध्ये एक चिंचोळं अंगण. जागा आडवी वाढायला नव्हती, म्हणून उभी वाढली. रुबेनाखांचं घर १४७२ ला पुरं झालं, रोडेनडोर्फांचं काम १५४० पर्यंत चाललं. त्या अंगणात उभं राहून वर बघितलं तर तीन घरांचे दगड, खिडक्या, सज्जे सगळे निरनिराळे, पण एकाही घराची पाठ अंगणाकडे नाही.

जर्मनीत अशा समाईक किल्ल्यांना एक खास शब्द आहे आणि तिथं एकत्र राहण्याच्या कराराला दुसरा, बुर्गफ्रीडे. म्हणजे गडाच्या आत भांडण नाही, हत्यार नाही, दरवाजा आणि पहारा सगळ्यांचा. सरस-निरस वाटप त्यांनीही केलंच की. पण अंगणात पत्रा ठोकला नाही.

पत्र्याचं का काढलं ते तुला कळलं असेल. त्याकडे येतो.

आत आपल्याला आपलं आपण फिरू देत नाहीत, चाळीसेक मिनिटं एक मुलगी हिंडवून आणते. फोटो काढायला बंदी, म्हणून तुला दाखवायला काही नाही. तिसरं घर, केम्पेनिखांचं, बंदच असतं, ते अजून त्या घराण्याच्या वापरात आहे. साडेआठशे वर्षं एकाच घराण्याकडे! आईला सर्वांत जास्त काय आवडलं असेल तर संडास. जाड भिंतीच्या पोटात कोनाडे काढून केलेले, पंधराव्या शतकातले, वीस आहेत म्हणे, आणि पावसाच्या पाण्यानं धुतले जायचे. "आपल्याकडे तीन कुटुंबांत दोन आहेत," आई मराठीत जोरात म्हणाली. नशीब, तिथं कोणाला कळलं नाही.

मला मात्र सभेची मोठी खोली विसरता येत नाही. तिन्ही घरांची बैठक व्हायची ती इथं. भिंतीवर विदूषकांची तोंडं आहेत. अर्थ असा की इथं कोणीही काहीही बोलावं, राग धरायचा नाही. आणि बाहेर पडताना दाराच्या वर कोरलेलं गुलाबाचं फूल. त्याचा अर्थ, इथं बोललेलं इथंच राहील. ते फूल मुठीएवढं असेल. मी दाराखाली मान वर करून उभा राहिलो तर मागच्या लोकांचा खोळंबा झाला, तेव्हा त्या मुलीनं हसून पुढं घातलं. आपल्या ओसरीवर गेल्या गणपतीत जे बोलणं झालं ते तिसऱ्या दिवशी पुण्याच्या भावकीत कुणाकुणाच्या तोंडी होतं, आठवतंय ना?

फार गोड चित्र रंगवतोय असं समजू नकोस. लढायाही झाल्या. १३३१ साली त्रियरचा आर्चबिशप बाल्डुइन या सरदारांना आपल्या टाचेखाली आणायला आला. आपल्याकडे वेढा घालणारा मोर्चे बांधतो, या गृहस्थानं समोरच्या टेकडीवर किल्लाच बांधला, ट्रुट्सएल्ट्स, आणि तिथून दगड फेकत बसला. त्याचे पडके अवशेष अजून झाडीत आहेत. पाच वर्षांनी एल्ट्सवाल्यांना नमावं लागलं, तटाचं काही पाडावं लागलं, पण घर शाबूत राहिलं.

दुसऱ्यांदा वाचलं ते १६८९ च्या सुमारास. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांवरचे किल्ले एकामागून एक उडवले. त्या तडाख्यात एल्ट्स सुटला, कारण घराण्यातला हान्स अँटन फ्रेंच सैन्यातच अधिकारी होता, त्यानं शब्द टाकला. एक भाऊ या दरबारात, दुसरा त्या, म्हणजे कोणीही जिंको, वतन घरात. हे आपल्याला काही नवीन नाही. त्याच १६८९ मध्ये रायगड झुल्फिकारखानाच्या हाती पडला, हे तिथं बाकावर बसल्या बसल्या आठवलं आणि दोन मिनिटं काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी कोखेमलाही गेलो. तिथला किल्ला फ्रेंचांनी त्याच साली उडवला, मग पावणेदोनशेहून जास्त वर्षं तो पडून होता. १८६८ ला बर्लिनचा लोखंडाचा व्यापारी लुई रावने यानं ते पडकं विकत घेऊन त्याच्या मनातल्या जुन्या काळासारखं नवं बांधलं. लांबून फार देखणा. जवळ गेल्यावर मला ओव्हरसियरच्या डोळ्यांनी सगळं कसं सफाईदार, एकाच माणसाच्या हिशोबानं केलेलं दिसलं. गर्दी मात्र तिथं जास्त. आईनं तिथून तुझ्यासाठी जो मग घेतला तो तुझ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलाय, सांगायचं राहिलं.

आता पत्र्याचं. आम्ही आलो त्या दिवशी बघतो तर थोरल्या काकांच्या मुलांनी चौकात मधोमध पत्र्याची भिंत उभी केलेली. विहीर त्यांच्या बाजूला गेली, तुळशीवृंदावन आपल्याकडे, आणि धाकट्या काकूंना त्यांच्याच स्वयंपाकघरात जायला मागच्या गल्लीतून वळसा. एक बिल्डर येऊन माप घेऊन गेलाय असं कानावर आहे. पुढच्या आठवड्यात तुला एक हक्कसोडपत्र मेलवर येईल. "नुसती औपचारिकता आहे, निखिल तिकडंच राहणार ना," असं मला सांगून झालंय.

वाटप नको असं मी म्हणत नाही. व्हायलाच हवं, माझ्या हयातीत व्हावं. तीन उतारे तीन नावांवर होऊ देत, प्रत्येकानं आपल्या बाजूला हवा तर मजला चढवावा, पाया सोसेल, मी तपासलाय. फक्त चौक, विहीर आणि मोठा दरवाजा समाईक राहावा आणि तसं दस्तात लिहून नोंदवावं. धाकट्या काकू तयार आहेत. थोरल्यांची मुलं तुझं ऐकतात, माझं ऐकत नाहीत.

तेव्हा कागद आला तर सही करू नकोस, नाहीही म्हणू नकोस. दिवाळीत येतोयस ना, तेव्हा सगळ्यांना ओसरीवर बसवू. मी तोवर कच्चा नकाशा काढून ठेवतो. धाकट्या काकूंच्या भिंतीला कुठं दार फोडता येईल तेही बघतोय.

आणि हो, माझा जवळचा चष्मा तुझ्याकडेच राहिलाय, बहुतेक सोफ्याच्या फटीत. येताना आण. हे सगळं आईच्या चष्म्यानं लिहिलंय, अक्षर सांभाळून घे.

तुझा,
बाबा