मागं फिरणार नाही म्हणालास ते

कोल्हापूर,
महाशिवरात्र

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडी हलली तेव्हा तू दारात उभा होतास, पण हात केला नाहीस. बाबा म्हणतात, केला, तुला दिसला नाही. मी बघत होते. आदल्या रात्री ताटावरून उठलास, भाकरी तशीच राहिली. सकाळी गाईला घातली. वीस दिवसांची सुट्टी आणि शेवटचे दोन दिवस मी तुझ्याशी भांडण्यात घालवले. चुकलंच माझं. आता या पत्रात त्या विषयाला हात लावायचा नाही असं ठरवून बसले आहे.

आज उपवास. आक्काकडं जाऊन आले, तिचा गुडघा बरा आहे. रताळी उकडली, पण तुझ्यावाचून कोण खाणार.

माहेरी या दिवशी नेसरीचं नाव निघायचंच. आप्पा ओसरीवर शेंगा फोडत सांगायचे: २४ फेब्रुवारी १६७४, तीही महाशिवरात्रच, नेसरीची खिंड, महाराजांचे सरनोबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजर आणि सहा स्वार. तेच मी पुढं एकतीस वर्षं वर्गात सांगितलं, आणि दर वर्षी तिथं माझा आवाज चढायचा. सहलीबरोबर तुला खिंडीत नेलं तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. पोरं घोषणा देत होती आणि तू माझा पदर ओढून विचारलंस, "आई, बाकीचं सैन्य कुठं होतं?" घरी गेल्यावर सांगते म्हणाले. सांगितलं नाही.

आज सांगते. १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, म्हणून विजापूरहून बहलोलखान चालून आला. एप्रिलमध्ये उमराणीला प्रतापरावांनी त्याला कोंडलं, पाणी तोडलं. जतकडचं एप्रिलचं ऊन तुला माहीत आहे. खान गयावया करायला लागला, त्यानं वाट मागितली, आणि प्रतापरावांनी ती दिली. महाराजांनी विचारलं, सला, म्हणजे तह, का केला? खान पुन्हा आलाच. मग निरोप गेला, त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका.

महाराजांना मी बोल लावणार नाही. सोडलेला खान फिरून आला की मुलखातल्या रयतेला भोगावं लागतं, ते त्यांना दिसत होतं. पण तो शब्द ज्याच्या काळजात रुतला तो माणूस साधा नव्हता. १६७२ मध्ये साल्हेरला मोरोपंतांच्या जोडीनं मुघलांना उघड्या मैदानात हरवलेला सरनोबत. फौज कशी हाकावी हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आणि त्याच माणसाचा शेवट त्या वेळच्या इंग्रजांच्या पत्रात एका ओळीत आहे: दोन डोंगरांमधली अरुंद वाट, प्रतापराव आणि सहा घोडेस्वार पडले, बाकीच्या फौजेची मदत पोचली नाही.

सैन्य होतं रे बाळा. मागं होतं. सरनोबतच त्याला सोडून पुढं गेला होता.

वर्गात त्याच्या पुढचं मी दोन वाक्यांत उरकायचे. आनंदरावानं बिनधन्याची झालेली फौज सावरली आणि विजापूरच्या मुलखात शिरून संपगाव लुटलं. मग तळबीडचे हंसाजी मोहिते हंबीरराव झाले. नेसरीनंतर १०२ दिवसांनी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा तेच सरनोबत होते. ज्यानं उभा जन्म त्या दिवसासाठी घोड्यावर काढला, त्याला तो दिवस दिसला नाही. पुढं महाराजांनी प्रतापरावांची लेक जानकीबाई राजारामांना करून घेतली. एकतीस वर्षांत त्या मुलीचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. या आठवड्यात तीच डोळ्यांसमोर येते.

बघ, हात लावणार नाही म्हटलं आणि तिथंच आले.

हवा फिरली म्हणून तू अकरा जणांना अर्ध्या वाटेतून परत आणलंस. तुझ्या वरच्या साहेबांनी सगळ्या जवानांसमोर तुला नाही नाही ते ऐकवलं. ते तू बाबांना सांगत होतास तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, भाकरी करपली. नंतर ताटावर बसून म्हणालास, "पुढच्या वेळी मागं फिरणार नाही." त्या एका वाक्यावर मी भांडले. बाकी सगळं निमित्त. तू म्हणालास, तुला त्यातलं काय कळतं? काहीच नाही. बर्फ मी चित्रातच पाहिलं आहे. पण माणसाला शब्द लागला की तो काय करून बसतो ते मला कळतं. पुढच्या वेळी वाट कशी आहे, हवा कशी आहे, पोरं दमलीत का, एवढंच बघ. साहेब काय म्हणाले होते ते तेव्हा आठवू नकोस. तुझ्यामागं अकरा जण चालत असतात, त्यांना तो शब्द लागलेला नसतो, त्यांनी का...

परत बाई झाले वर्गातली. माफ कर.

तू मागं राहावंस असं माझं म्हणणं नाही. हुकूम आला तर तू पहिला असशील, ते मी बाबांच्या वेळेपासून ओळखून आहे. ती भीती मी गिळीन, आजीनंही गिळली होती. पण रागानं गेलास तर मला नाही रे सोसायचं. मागं फिरणार नाही असं पुन्हा म्हणू नकोस.

एक सांगायचं भांडणात राहूनच गेलं. तू यायच्या आधीच्या आठवड्यात चंदगडकडची एक बाई घर विचारत विचारत आली होती. तुझ्या तुकडीतल्या पोराची आई. चहा नको म्हणाली, एस.टी. चुकेल. पिशवीतनं घरचे काजू काढून कट्ट्यावर ठेवले, "साहेबांनी पोराला माघारी आणलं," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्याला हात लावून गेली. आल्या आल्या तुला हे सांगायला हवं होतं, मी दुसरंच बोलत बसले. काजू तसेच ठेवलेत. तू आलास की शिरा करीन.

पोचलास की फोन कर. बाबांना केलास तरी चालेल, मी शेजारीच असते.

तुझी,
आई