बुरशी दिसली म्हणून फिनेल नको

महोदय,

पावसाळ्यात कंपोस्टच्या डब्यात पांढरी लव दिसली की कुणी अख्खा डबा सोसायटीच्या कचऱ्यात रिकामा करतो, तर कुणी वरून फिनेल ओततो. फिनेलने बुरशीसोबत खत घडवणारे जिवाणूही मरतात आणि ते खत तुळशीला घालायच्या लायकीचे राहत नाही.

पांढऱ्या, कापसासारख्या बुरशीला घाबरायचे कारण नाही. सुका पाला, काड्या, भाज्यांचे देठ असा चिवट माल तीच फोडते. राख भुरभुरल्यासारखे पांढुरके ठिपके बहुधा अ‍ॅक्टिनोमायसीट्सचे, म्हणजे जिवाणूंचेच. पहिल्या पावसातला मातीचा वास येतो तो यांच्याचमुळे.

जपून राहायचे ते हिरवट-करड्या भुकटीपासून. ती अनेकदा अ‍ॅस्परजिलस जातीची असते आणि ढीग कोरडा असताना हलवला की तिचे बीजाणू (बुरशीचे अतिसूक्ष्म बी) थेट नाकात जातात. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. पण दमेकऱ्यांनी, साखर आटोक्यात नसलेल्यांनी, स्टिरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांनी डबा ढवळायचे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावे. २०२१ मध्ये ज्या म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजाराने, हैराण केले, त्याच्या बुरशीही माती आणि कुजक्या पाल्यातच राहतात.

ढवळण्याआधी स्प्रेच्या बाटलीने वरचा थर भिजवून पाच मिनिटे थांबा. ओले बीजाणू फारसे उडत नाहीत. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला (नाकाला बांधलेला रुमाल इथे कामाचा नाही). डबा गॅलरीत ठेवा, स्वयंपाकघरात किंवा बेडरूमच्या खिडकीखाली नको. खत झाले का ते पाहायला नाक आत घालून हुंगू नका. मग खुरपीने तळापर्यंत उलथापालथ करा, बुरशीचा थर आत गाडा. दर तीन-चार दिवसांनी एवढे पुरते.

बुरशी पुन्हापुन्हा वरच माजत असेल तर मूळ शिळ्या भातात, पोळीत, पावात शोधा. त्यांचे गोळे फोडून, सुक्या पाल्यात मिसळूनच टाका. लिंबा-संत्र्याच्या साली बारीक चिरा. एक वाटी ओल्या कचऱ्याला एक वाटी सुका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पावसाळ्यात दोन. मूठभर माल दाबला की लाडू वळावा, बोटांतून पाणी गळू नये. गळले आणि आंबूस, कुजका वास आला, तर ती बुरशी नव्हे, हवा कोंडली आहे: सुके घाला, डब्याच्या तळाची भोके काडीने मोकळी करा.

झाकणाची आतली बाजूही पाहा. तिथे साचलेले थेंब परत मालावर पडतात आणि नेमकी तिथेच बुरशी धरते. मालावर वर्तमानपत्राची चौपदरी घडी पसरा आणि ती ओली झाली की फाडून डब्यातच टाका.

– एक वाचक, डोंबिवली