रिमॅपनंतर ‘किमान ९१ ऑक्टेन’, पण नेमकं कुठलं ९१?

प्रति,
तांत्रिक विभागप्रमुख, आणि त्यांच्या वर जे कोणी असतील ते

विषय : स्टेज वन रिमॅपनंतरचं नॉकिंग आणि काल दुपारचा फोन

महोदय,

तुमच्याकडून गाडीचा स्टेज वन (पहिल्या पायरीचा) रिमॅप करून घेतला, म्हणजे ईसीयूत, इंजिन चालवणाऱ्या संगणकात, जादा ताकदीची तुमची फाइल टाकून घेतली. तेव्हापासून इंजिन नॉक करतंय, म्हणजे आतलं मिश्रण आपसूक भडकून खडखडतंय. त्यावर काल दुपारी तुमच्या सपोर्ट विभागाशी ३४ मिनिटं बोललो. त्यातली १९ मिनिटं होल्डवरचं संगीत ऐकण्यात गेली, आणि एकंदर संभाषणात तोच भाग त्यातल्या त्यात बरा होता. हा माझा पाचवा फोन. सहावा करणार नाही, म्हणून लिहितो आहे.

तुमच्या ऑर्डर फॉर्मवर ‘किमान ९१ ऑक्टेन’ असं छापलंय. पुढे आरओएन नाही, एकेआय नाही, काहीच नाही. (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉक सोसायची ताकद, आणि आरओएन, एकेआय ही ती मोजायची वेगवेगळी मापं.) पैसे भरायच्या आधी मी मेल करून विचारलं होतं की माझ्या गाडीच्या टाकीच्या झाकणामागे ९१ आरओएन लिहिलंय, मी तेच भरतो, तुमचं ९१ तेच का? उत्तर आलं, ‘हो सर, सेम. ९१.’ आणि शेजारी अंगठा. हा मेल सोबत जोडला आहे, अंगठ्यासकट.

सेम नव्हतं. चौथ्या फोनवर तुमच्याच एका माणसाच्या तोंडून निसटलं की ही फाइल ‘एकेआयवाल्या’ पेट्रोलवर बनवलेली आहे. ९१ एकेआय म्हणजे आरओएनच्या हिशेबात साधारण ९५-९६. आरओएन आणि एमओएन (जास्त कडक चाचणीचं, म्हणून आकड्याने लहान माप) यांची सरासरी म्हणजे एकेआय, त्यामुळे तो आकडा नेहमीच लहान दिसतो. हे तुमच्या तांत्रिक विभागाला ठाऊक आहे असं मी धरून चालतो. फॉर्म छापणाऱ्याला ठाऊक नव्हतं, मेलला उत्तर देणाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि कालच्या गृहस्थांना ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं. गाडी बनवणाऱ्या कंपनीने दोन बोटं मावतील एवढ्याशा स्टिकरवर ‘आरओएन’ लिहायला जागा काढली. तुमच्या चार पानी फॉर्मवर ती मिळाली नाही.

झालं काय ते थोडक्यात. फाइल टाकून दुसरा आठवडा. चढ, तिसरा गिअर, २५०० आरपीएमच्या आसपास पाय दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. स्कॅनर लावून लॉग, म्हणजे इंजिनच्या आकड्यांची नोंद, काढला. चारही सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे खेचलेलं, तिसऱ्यात उणे ७.५ अंश. मूळ फाइलवर याच पेट्रोलवर, याच चढावर ते उणे १च्या पुढे गेलेलं नव्हतं. तो लॉग मी रिमॅपच्या आधीच काढून ठेवला होता. (असल्या गोष्टी करून ठेवणारा माणूस आहे मी. घरी यावरून हसतात. आता हसत नाहीत.)

तुम्हाला टर्बो शिकवायला बसलेलो नाही. पण १ बारचं बूस्ट (टर्बो कोंबतो त्या हवेचा दाब) १.३५ वर नेलंत, वर इग्निशन पुढे ओढलंत, म्हणजे ठिणगी लवकर पाडलीत, तर सिलिंडरमधला दाब आणि तापमान वाढणारच. ज्योत पोचायच्या आत कडेचं मिश्रण आपसूक भडकू नये एवढ्यासाठीच तर जास्त ऑक्टेन लागतं. ते नसेल तर नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतो, जळण उशिरा होतं, उष्णता एक्झॉस्टमध्ये आणि टर्बोत जाते, मग ती आवरायला ईसीयू जादा पेट्रोल ओततो. म्हणजे मी पैसे मोजून घेतलेली ताकद सेन्सर माझ्याकडून परत काढून घेतो आणि वर मायलेजही जातं. छान सौदा.

आता कालचा फोन. हा सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं सुरुवातीला ते यंत्र सांगतं. काढून ऐका.

मी लॉगचे आकडे वाचून दाखवले. पलीकडून, ‘सर, गाडी चालतेय ना?’ मी म्हणालो, चालतेय. ‘मग?’ मी पुन्हा सांगितलं, उणे ७.५. ते म्हणाले, ‘नॉक सेन्सर त्यासाठीच असतो ना सर, तो सांभाळून घेतो.’ मी म्हणालो, एअरबॅग आहे म्हणून मी रोज भिंतीला धडक देत नाही. ते हसले. मला वाटलं, मुद्दा पोचला. तर म्हणतात, ‘सर, मग तुम्ही एवढा फुल थ्रॉटल देऊच नका ना.’

मी काही क्षण गप्प बसलो. रिमॅप विकणाऱ्या कंपनीचा माणूस मला अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका असं सांगत होता. मी शांतपणे विचारलं (शांतपणेच, रेकॉर्डिंग ऐका) की हळूच चालवायची असती तर मी रिमॅप कशाला केला असता? त्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. खरोखरचा, फोनवर ऐकू येईल असा. आणि मग ते वाक्य आलं : ‘सर, तुम्ही तो स्कॅनर काढून ठेवा. आकडे बघितले की उगाच टेन्शन येतं.’

ताप आहे की नाही हे कळू नये म्हणून थर्मामीटर फेकून द्या, असा हा सल्ला. तुमच्या अधिकृत सपोर्ट लाइनवरून. मी त्यांना म्हणालो, हे मला लेखी द्या. तर म्हणे, ‘होल्ड करा सर.’ तिथे ती १९ मिनिटं सुरू झाली.

त्याआधीच्या फोनवर काय काय ऐकलं तेही सांगतो. पहिल्याने सांगितलं, स्पार्क प्लग बदला. बदलले, शिफारशीप्रमाणे एक श्रेणी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे. फरक शून्य. दुसऱ्याने सांगितलं, ऑक्टेन बूस्टर टाका, आणि योगायोग बघा, तो तुम्हीच विकता. बाटलीवर लिहिलंय, ‘३० पॉइंट वाढ’. पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग. म्हणजे ३० पॉइंट म्हणजे ३ आकडे, तेही सगळं जमून आलं तर. ९१चे ९४. फाइलला हवेत ९५-९६. दर टाकीला एक बाटली ओतूनही मी तुमच्या फाइलच्या दारातच उभा. तिसऱ्याने सांगितलं, १०० ऑक्टेनचं टाका, प्रश्नच मिटेल. चौथ्याने खरं सांगितलं आणि लगेच ‘हे मी सांगितलं असं म्हणू नका’ असंही सांगितलं. म्हणून त्याच्या कॉलची वेळ मी इथे देत नाही. तुमच्या कंपनीत तोच एक कामाचा माणूस आहे.

मी स्वतः तपासलं. ९५ आरओएन भरलं, आणि जुनं पेट्रोल मिसळलेलं असतं म्हणून पहिल्या टाकीचे आकडे धरलेच नाहीत. दुसऱ्या टाकीनंतर त्याच चढावर उणे २. मग ९८ वर तसंच केलं. जवळजवळ शून्य, आवाज बंद, आणि गाडी अशी ओढते की काय सांगू. योग्य पेट्रोलवर तुमची फाइल सुरेख आहे हे मान्य करतो. म्हणूनच संताप जास्त होतो. काम येतं तुम्हाला. एक शब्द छापायचा आळस केलात.

जास्त ऑक्टेनमध्ये जादा ऊर्जा नसते, नॉक सोसायची ताकद असते. ती माझ्या मूळ गाडीला नको होती, तुमच्या फाइलला हवी आहे. मला आधी सांगितलं असतंत तर मी ९१ आरओएनसाठी कमी बूस्टची फाइल मागितली असती, किंवा मुकाट्याने वरचं पेट्रोल भरलं असतं. निवड माझी असती. विचारलं होतं मी. ‘हो सर, सेम. ९१.’

आणि परतीचा रस्ता काय, तर मूळ फाइल परत टाकून हवी असेल तर ‘ते चार्जेबल आहे सर’.

मला हवंय ते असं. ही फाइल कुठल्या पेट्रोलवर, किती आरओएनवर बनवली ते लेखी. माझ्या पेट्रोलसाठीची फाइल विनाशुल्क, नाहीतर मूळ फाइल आणि पूर्ण पैसे परत. नव्या फाइलनंतरचा तिसऱ्या गिअरचा लॉग तुमच्या माणसाने माझ्यासमोर काढून द्यायचा. आणि बोअरस्कोप (इंजिनच्या आत बघायचा बारीक कॅमेरा) घालून चारही पिस्टनचे माथे दाखवायचे, कारण दोन महिने ते काय सोसत होते ते मला बघायचंय. तिसरा आधी.

सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मेल, फॉर्म आणि लॉग ग्राहक तक्रारीत जातील. माझ्या सांगण्यावरून मेव्हण्याने तुमच्याकडे स्टेज टू बुक केलं होतं. ते त्याने काल संध्याकाळी रद्द केलं. त्याचेही पैसे अडकवून ठेवू नका, तो माझ्याइतकं सौम्य लिहित नाही.

फोन करू नये. लिहावं. आणि आकडा लिहाल तेव्हा पुढे एकक लिहावं.

आपला,
एक (अजून तरी) ग्राहक

ता. क. : स्कॅनर काढलेला नाही. हे पत्र लिहिण्याआधी ९१ आरओएनवर पुन्हा एक फेरी मारून आलो, पाय अर्धाच दाबून, तुमच्या सल्ल्याप्रमाणे. तिसरा सिलिंडर, उणे ४.५.